टाकून दिलेल्या औषधाची कथा

शत्रु उघड्या मैदानांत भेटला तर त्याच्यावर शस्त्र चालवितां येतें. परंतु तो आपल्याच घरांत शिरून आपल्याच भांड्याकुंड्यांवर संसार थाटूं लागला, म्हणजे घर न मोडतां त्याला आवरावें कसें, हा पेच पडतो. विषाणूंची गोष्ट अशीच आहे. जंतूचा संसार स्वतंत्र असतो, म्हणून त्यावर पेनिसिलिन चालतें. विषाणु आपल्या पेशींत शिरून तिचीच सामग्री वापरतो.

हा पेच कसा सुटत गेला, हें एड्सवरील पहिल्या औषधाच्या इतिहासावरून ध्यानांत येतें. १९६४ सालीं अमेरिकेंतील डेट्रॉइट येथें जेरोम हॉर्विट्झ यांनीं कर्करोगासाठीं झिडोव्हुडीन हें द्रव्य तयार केलें. तें निष्फळ ठरून बाजूस पडलें. पुढें १९८३ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत एड्सचा विषाणु हातीं लागला. १९८५ सालीं हेंच द्रव्य त्यास रोखतें असें आढळलें, आणि १९८७ च्या मार्चमध्यें अमेरिकेनें त्यास मान्यता दिली.

विषाणु आपल्या वंशलेखाची नक्कल करून ती पेशीच्या लेखांत घुसवितो. झिडोव्हुडीन त्या लेखांतील एका अक्षरासारखें दिसतें. विषाणूचा लेखनिक फसून तें उचलतो. पण त्यापुढें दुसरें अक्षर जोडतांच येत नाहीं, व नक्कल अर्ध्यावर राहते. अर्थात् औषध विषाणूस मारीत नाहीं, त्याची वाढ खुंटवितें. आधींच घुसलेला लेख तसाच दडून राहतो, म्हणून औषध सोडून चालत नाहीं. शिवाय आपल्या पेशींचे लेखनिकही थोडेफार फसतात. मग अस्थिमज्जा क्षीण होऊन पांडुरोग जडतो, स्नायु दुर्बल होतात. गुण आणि दोष एकाच मुळाचे!

विषाणु नक्कल करतांना चुकाही फार करतो, व त्यांतूनच न फसणारी प्रजा निपजते. १९८९ सालीं हें उघड झालें. १९९६ च्या सुमारास तीन औषधें एकत्र देण्याची रीत रूढ झाली; एकीस चुकविणारा विषाणु दुसऱ्या दोहोंच्या हातीं सांपडूं लागला.

परंतु या त्रयीस वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक खर्च येई, आणि रोगी बहुसंख्य होते आफ्रिकेंतले. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यानें औषधाच्या द्रव्यावर नव्हे, तें बनविण्याच्या रीतीवरच हक्क मानला होता. त्या आधारें २००१ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनीं हीच त्रयी सेवाभावी डॉक्टरांच्या एका संस्थेस वर्षाला ३५० डॉलरांत देऊं केली. २००५ सालीं तो कायदा बदलला; परंतु तोंवर किंमत उतरली होती, आणि श्रीमंतांपुरतें असलेलें औषध गरिबाच्या दारापर्यंत पोंचण्याची वाट मोकळी झाली होती.