परदेशात उमगलेले पुणे

उच्च शिक्षणासाठी आम्ही रोम येथे वास्तव्यास असताना घडलेला एक प्रसंग अजूनही आठवणीत आहे. आमच्या वसतिगृहात एक जर्मन धर्मगुरू सहाध्यायी होते. ते स्वतः उत्तम ऑर्गन वाजवीत. सुट्टीच्या दिवशी रोममधील जुन्या चर्चमधून कोठे काय गायिले जाते ते ऐकत हिंडावे आणि रात्री त्याची टिपणे काढावीत, हा त्यांचा छंद होता. एकदा जेवणानंतर त्यांनी आम्हांला सहज विचारले, "फादर, तुम्ही पुण्यात शिकलात ना? मग तिथल्या गायन समाजाविषयी काही सांगा."

आम्ही निरुत्तर झालो. सेमिनरीतील वर्षे आम्ही पुण्यात काढली होती. पॅलेस्ट्रिनाचे नाव आम्हांला ठाऊक होते, ग्रेगोरियन गायनातील स्वरमालिका आम्ही पाठ केल्या होत्या. परंतु सायकलने अर्ध्या-पाऊण तासात जेथे पोहोचता आले असते, त्या नारायण पेठेत आणि तिच्या आसपास शंभर-सव्वाशे वर्षे काय गायिले गेले, याची आम्हांला गंधवार्ता नव्हती. आमच्या मित्रांनी ग्रंथालयातून दोन जुनी इंग्रजी पुस्तके आणून आमच्या हाती ठेवली. पुण्याचा संगीत-इतिहास आम्ही प्रथम वाचला तो असा, टायबर नदीच्या काठी. आज त्या वाचनातून आणि पुढे मायदेशी परतल्यावर केलेल्या भ्रमंतीतून जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पहिले पुस्तक गायन समाजाचेच होते. बळवंत त्र्यंबक सहस्रबुद्धे यांनी १८७४ साली पुण्यात हा समाज स्थापन केला. इंग्रजी शिकलेल्या पिढीला आपल्याच संगीताची लाज वाटू लागली होती. गाणे म्हणजे तमाशा आणि नाच, सभ्य माणसाचे ते काम नव्हे, अशी समजूत सुशिक्षितांत पसरली होती. ती घालवावी, मुलांना रीतसर गाणे शिकवावे, आणि इंग्रज अधिकाऱ्यांनाही बैठकीस बोलावून या विद्येची थोरवी पटवून द्यावी, हा समाजाचा हेतू. १८८३ साली मद्रास येथे त्याची शाखा निघाली आणि १८८७ साली समाजाच्या कार्याची माहिती देणारे इंग्रजी पुस्तक मुंबईत छापले गेले.

दुसरे पुस्तक लिहिणारे गृहस्थ होते चार्ल्स रसेल डे. इंग्रजी पलटणीतले हे तरुण अधिकारी १८८२ ते १८८७ या काळात हिंदुस्थानात होते. फावल्या वेळात शिकार आणि पोलो यांत रमणारे अधिकारी पुष्कळ होते. यांनी मात्र कान उघडे ठेवले. दक्षिण हिंदुस्थान आणि दख्खन येथील संगीत व वाद्ये यांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १८९१ साली प्रसिद्ध झाला. त्यातील वाद्यांची रंगीत चित्रे विल्यम गिब यांनी काढली आहेत. हिंदुस्थानात फिरून गेलेला जवळजवळ प्रत्येक प्रवासी येथले संगीत म्हणजे नुसता गोंगाट आणि नाकातले रडगाणे असे मत घेऊन परततो, कारण चांगले गाणे त्याच्या कानी पडलेलेच नसते, अशी खंत डे यांनी व्यक्त केली आहे. पुढे १९०० साली बोअर युद्धात पार्डेबर्ग येथे ते मारले गेले. वय अवघे चाळीसच्या आसपास. सत्ताधारी पलटणीतला हा माणूस जित लोकांच्या वीणेपुढे विद्यार्थी होऊन बसला, ही गोष्ट आम्हांला आजही विचार करावयास लावते.

मायदेशी परतल्यावर आम्ही पहिली संधी साधून नारायण पेठेत गेलो. नारायणराव पेशव्यांचे नाव धारण करणारी ही पेठ मुठेच्या काठाला लागून आहे. मोदी गणपती, पत्र्या मारुती ही तिची ठिकाणे पुणेकरांच्या तोंडी असतात. परंतु तिची खरी ओळख म्हणजे केसरीवाडा. बडोद्याच्या गायकवाडांचा हा वाडा लोकमान्य टिळकांनी १९०५ साली घेतला, आणि तोवर विंचूरकर वाड्यात होणारा त्यांचा गणेशोत्सव येथे आला. या उत्सवाने पुण्याच्या गाण्याला दिवाणखान्यातून अंगणात आणले. एकसारखे पोशाख केलेली मुले पदे म्हणत मेळ्यांतून फिरत. ज्याला बैठकीचे आमंत्रण कधीच मिळाले नसते, तो माणूसही आता उभा राहून गाणे ऐकू लागला.

इतिहास लिहावयाचा तर त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८९४ च्या सुमारास मेळ्यांतील काही पदांतून हिंदूंनी मोहरमच्या ताबुतांत भाग घेऊ नये, असा प्रचार झाला. तोवर हिंदूही ताबुतांपुढे नाचत-गात असत. एकाला जवळ आणणारे गाणे दुसऱ्याला दूर लोटण्याच्या कामीही येते, हा धडा याच पेठांतून मिळतो.

आणि त्याच पेठांत त्याच्या नेमके उलट चित्रही दिसते. १९११ साली भास्करबुवा बखले यांनी पुण्यात किर्लोस्कर भारत गायन समाज स्थापन केला. बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव ज्यांना गुरू मानीत, ते हे बुवा. त्यांचे स्वतःचे गुरू कोण? फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ. दोन वर्षांनी, १९१३ साली, अब्दुल करीम खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केले. संस्थेचे नाव 'आर्य', गुरू मुसलमान, आणि पुढे बसलेले कितीतरी शिष्य ब्राह्मण! खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व. आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी. सवाई गंधर्वांच्या निधनानंतर १९५३ साली पुण्यात सुरू झालेला त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव पुढे देशभर गाजला. मेळ्यातल्या पदाने जी भिंत उभी करू पाहिली, ती गुरूपुढे तंबोरा घेऊन बसलेल्या शिष्याने मानली नाही.

येथे रोमचे पुन्हा स्मरण होते. ज्या १९११ साली भास्करबुवांची संस्था उभी राहिली, त्याच वर्षाच्या आरंभी रोम येथे पोप संत दहावे पायस यांनी स्थापिलेली पवित्र संगीताची उच्च शाळा सुरू झाली. दोन्ही संस्थांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. परंतु तळमळ एकच होती. संगीत बिघडत चालले आहे, ते शुद्ध करावे, त्याला प्रतिष्ठा द्यावी आणि पुढील पिढीस रीतसर शिकवावे.

शुद्धीकरणाची किंमतही दोन्हीकडे मोजावी लागली. पोप महोदयांच्या १९०३ च्या आदेशाने स्त्रियांना गायकवृंदात स्थान नाकारले. पियानो चर्चमध्ये वर्ज्य ठरला, आणि ढोल, झांज यांसारखी वाद्येही गोंगाटाची म्हणून वर्ज्य ठरली. त्या एका वाक्याने आपल्या मृदंगाला, ढोलकीला आणि टाळाला चर्चच्या दाराबाहेर उभे केले. पुण्यात तरी वेगळे काय झाले? ज्या गाणाऱ्या स्त्रियांनी ही विद्या पिढ्यान् पिढ्या जतन केली, त्यांनाच 'सभ्य' संगीताच्या नव्या बैठकीत जागा नव्हती. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर १९२० च्या दशकात तिकीट लावून भरविलेल्या जाहीर मैफलींत प्रतिष्ठेने गाऊ लागल्या, तेव्हा कोठे ते दार किलकिले झाले. १९७० साली त्यांना पद्मभूषण किताब मिळाला. देवळाचे असो वा दिवाणखान्याचे, संगीत शुद्ध करावयास निघालेल्यांनी आपण कोणाला बाहेर ठेवीत आहोत, हे आधी पाहावयास हवे.

आता वाचक विचारतील, या साऱ्यात आपण ख्रिस्ती माणसे कोठे होतो? आपणही पुण्यातच होतो. सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या सैन्यातील ख्रिस्ती शिपायांसाठी जमीन दिली आणि १७९२ साली क्वार्टर गेटजवळचे आपले सिटी चर्च उभे राहिले. नारायण पेठेपासून ते पायी तासाभराच्याही आत आहे. आपण संगीतात दरिद्री होतो असेही नव्हे. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविले जाई. तेथे तयार झालेले वादक पुढे पलटणींच्या बँडपासून मुंबईच्या चित्रपटांपर्यंत सर्वत्र पोहोचले. म्हणजे कान तयार होते. फक्त ते कॅम्पाच्या दिशेने वळलेले होते. पेठांच्या दिशेने नव्हते. पेठांचे कानही आपल्याकडे वळले नाहीत, हे खरे. परंतु दुसऱ्याच्या चुकीने आपली चूक पुसली जात नाही.

वास्तविक आपल्याच इतिहासात याहून वेगळा वस्तुपाठ होता. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. येथील भाषा शिकले. ती लोकांच्या तोंडून आणि संतांच्या ओवीतून शिकले. १६१६ साली राशोल येथे छापलेले त्यांचे 'ख्रिस्तपुराण' हे दहा हजारांहून अधिक ओव्यांचे काव्य रविवारी व सणावारी चर्चमधून म्हटले जाई. परदेशातून आलेल्या माणसाने आपले छंद येथे आणून लादले नाहीत; येथील छंद ऐकून घेतला आणि त्यात प्रभूचे चरित्र गायिले. ती वाट पुढे मोडली. १९६३ सालच्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य स्थान द्यावे, असे स्पष्ट सांगितले, तेव्हा ती वाट पुन्हा मोकळी झाली. फादर मॅथ्यू लेडर्ले या जर्मन येशूसंघीयांनी तर शनिवार पेठेत, म्हणजे नारायण पेठेच्या शेजारीच, 'स्नेहसदन' उभारून मराठी विचारपरंपरेचा अभ्यास केला. आधुनिक महाराष्ट्रातील तत्त्वचिंतनावरचा त्यांचा ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला. पुन्हा परदेशातूनच आलेला माणूस!

वाट मोकळी झाली, तरी पावले जड होतीच. आमच्या पहिल्याच धर्मग्रामात आम्ही मिस्साच्या वेळी तबला आणविला, तेव्हा एक वृद्ध माउली मिस्सानंतर म्हणाल्या, "फादर, आज मिस्सा झाली की भजन?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, दुःख होते. लहानपणापासून ज्या सुरांवर त्या प्रार्थना शिकल्या, ते सूर आम्ही एका रविवारात काढून घेतले होते. ऐकण्याचा आग्रह धरणाऱ्या आम्ही त्यांचेच ऐकून घेतले नव्हते. त्यानंतर आम्ही घाई सोडली.

हे सारे आज लिहिण्याचे कारण आमच्या सध्याच्या धर्मग्रामातील एक मुलगी. तिचा आवाज देवाने दिलेला आहे. तिला शास्त्रीय गायन शिकावयाचे होते, आणि शिकविणाऱ्या बाई नारायण पेठेतील एका जुन्या वाड्यात राहत. मुलीचे वडील आमच्याकडे आले. म्हणाले, "फादर, बंदिशीत सगळे कृष्ण आणि महादेव. पोरीचा विश्वास डळमळला तर?" प्रश्न प्रामाणिक होता आणि तो हसण्यावारी नेणे योग्य नव्हते. आम्ही त्यांना म्हणालो, "तिची श्रद्धा तुमच्या घरातल्या रोझरीवर उभी असेल, तर ती बंदिशीने पडणार नाही. आणि तशी उभी नसेल, तर नुसते गाणे बंद करून ती उभी राहणार नाही." खूप विचार करून त्यांनी मुलीला पाठविले.

काही महिन्यांनी मुलगी आमच्याकडे आली ती एक अडचण घेऊन. बाईंनी तिला विचारले होते, "तुमच्या चर्चमध्ये काय गातेस? एखादे म्हणून दाखव, आम्हांला ऐकू दे." मुलीला जी गाणी येत होती ती बहुतेक इंग्रजी चालींवर बेतलेली. ती म्हणाली, "फादर, त्यांच्यापुढे म्हणायला आपले स्वतःचे असे काय आहे?"

रोममध्ये आम्हांला पडलेला प्रश्नच जणू ती विचारीत होती. या वेळी आम्ही निरुत्तर झालो नाही. कपाटातून ख्रिस्तपुराण काढले, मरियामातेच्या दुःखाचा भाग तिला उघडून दिला आणि ओवी कशी म्हणतात ते आमच्या बेसूर गळ्यातून दाखविले. पुढच्या आठवड्यात तिने बाईंपुढे त्या ओव्या म्हटल्या. बाईंनी डोळे मिटून ऐकल्या आणि विचारले, "हे कोणी लिहिले?" मुलीने सांगितले, "एका इंग्रज फादरांनी, चारशे वर्षांपूर्वी." बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा म्हण."

दूरदेशीच्या माणसांनी येथे येऊन आपले शहर ऐकले. आपण मात्र त्याच्या शेजारी राहून पुष्कळ उशिरा ऐकावयास लागलो. तरी फार उशीर झाला असे आम्ही म्हणणार नाही. यंदाच्या उपवासकाळात त्या मुलीने गायकवृंदाच्या सरावासाठी तंबोरा मागितला आहे. वरच्या माळ्यावर जुनी हार्मोनियम पडून आहे. तंबोरा मात्र धर्मग्रामात नाही. कोणा कुटुंबाकडे वापरात नसलेला असल्यास त्यांनी तो द्यावा, ही विनंती करून आम्ही हा लेख पुरा करतो.