खांदेरी : एका नांवाची हकीकत

६ डिसेंबर १९६८ रोजीं आपल्या नौदलांत 'खांदेरी' ही पाणबुडी दाखल झाली. या नांवाचें मूळ आपल्या कल्याणच्या खाडीपर्यंत जातें. सन १६५७ मध्यें कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनीं येथें लढाऊ गलबतें बांधविलीं. १६७९ मध्यें थळसमोरील खांदेरी बेटावर त्यांनीं तटबंदी आरंभिली. मुंबईच्या इंग्रजांनीं तें बेट जहाजांनीं वेढलें. १८ ऑक्टोबरच्या लढाईंत इंग्रजांचें 'डव्ह' गलबत मराठ्यांच्या हातीं लागलें, परंतु 'रिव्हेंज' जहाजानें मराठी आरमार पिटाळलें. तरीहि हलक्या होड्या काळोखांत इंग्रजांची नजर चुकवून बेटावर दाणागोटा पोंचवीतच राहिल्या. १६८० च्या आरंभीं इंग्रजांनीं वेढा उठविला. लढाई गेली, बेट राहिलें. न दिसतां कार्य साधणें हाच पाणबुडीचा धर्म. तें नांव तिला शोभलें, यांत नवल काय?