आजोबांची वही आणि आमचा करार

इथं सगळे आपापल्या जुन्या घरांच्या आठवणी लिहितात, म्हणून निपाणीच्या आमच्या घराची ही एक.

आजोबांनी घर बांधलं १९५४ ला. तेव्हा निपाणी मुंबई राज्यात होती. मातीच्या भिंती, सागवानी तुळया, वर मंगलोरी कौलं. करार म्हणजे आजोबांच्या वहीतलं एक पान. मेस्त्री गल्लीतलाच, दोघांची रोज गाठ पडायची. एकमेकांना चुकवून जाणार कुठं? तीच हमी. पुढं १ नोव्हेंबर १९५६ ला निपाणी म्हैसूर राज्यात गेली. घर आणि वही जागेवरच राहिली.

२०२२ ला छप्पर बदलायचं ठरलं. आता गल्लीत मेस्त्री उरला नव्हता. बाहेरगावच्या एका कंत्राटदाराला ६ लाखांत उक्तं काम दिलं. स्टॅम्पपेपरवर करार केला, ३१ मेपर्यंत काम पुरं करायची अट घातली, ३ लाख उचल दिली. पाडव्यानंतर कौलं उतरली, आणि मेच्या सुरुवातीला माणूस गायब. फोन केला की एकच शब्द, "नाळे." म्हणजे उद्या. नव्वदच्या दशकात कर्नाटकात भूत परत जावं म्हणून लोक दारावर ‘नाळे बा’ लिहायचे. इथं आम्हीच भुतासारखे रोज परत फिरत होतो.

दोन वळीव घरात पडले. आई म्हणाली, "मिरग तोंडावर आलाय की रे, डोक्यावर आभाळ हाय. अजून किती दिवस नाळे?"

भाऊ तापलेला. त्याची हत्यारं अडवून ठेवायची, एक पैसा सोडायचा नाही म्हणत होता. आमचे वकीलकाका म्हणाले, "बाबा, भांडून करार मोडत नसतो, हिशेबानं मोडतो." आपला करार कायदा १८७२ चा. त्याचं कलम ५५ सांगतं, की वेळेला महत्त्व देऊन करार केला आणि ती वेळ पाळली नाही, तर समोरच्याला तो रद्द करता येतो. कलम ७३ नं नुकसानभरपाई मागता येते. पण कलम ६४ म्हणतं, रद्द करणाऱ्यानं स्वतःला मिळालेला फायदाही परत करायचा. म्हणजे झालेल्या कामाचे पैसे त्याचेच.

मग रीतसर केलं. १ जूनला रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवलं: ५ दिवसांत काम सुरू करा, नाहीतर करार संपला. कोणी आलं नाही. शेजारच्या दोघांसमोर इंजिनिअरकडून मोजमाप घेतलं, फोटो काढले. काम आणि पडलेलं सामान धरून २ लाख १० हजार निघाले. दोन गड्यांची मजुरी त्यानं थकवली होती, १४ हजार. आईनं ती आधी चुकती केली. "त्यांनी उन्हात कौलं उतरवलीत, त्यांचा काय दोष?" कंत्राटदाराकडं येणं झालं १ लाख ४ हजार. त्याची हत्यारं मात्र यादी करून, सही घेऊन परत दिली.

काकांनी ग्राहक कायद्याचं पत्रही धाडलं. १९८६ च्या त्या कायद्यात १९९३ ला घरबांधणी स्पष्टपणे आली. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडं करता येते आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. दोन हप्त्यांत ६० हजार आले. बाकीचे आम्ही सोडले. भाऊ अजून कुरकुरतो.

मिरगाच्या आदल्या दिवशी नव्या मेस्त्रीनं पत्रे चढवले. रात्री पाऊस आला, आई पहिल्यांदा शांत झोपली.

परवा आजोबांची वही काढली. त्या पानावर शेवटी लिहिलंय, "हिशेब चुकता, येणे-देणे नाही." खाली मेस्त्रीचा अंगठा. आमच्या स्टॅम्पपेपरवर ती ओळ नाही. तुमच्या घरी असल्या वह्या असतील तर जपून ठेवा, आणि जमलं तर एखादं पान इथं दाखवा.