उसनं नाव, कच्ची अक्षरं

मासिकाचं नाव ठरवणं हे वरवर कारकुनी काम वाटतं. ते तसं नाही, हे बघायला आज आपण १९६७ सालच्या सॅन फ्रान्सिस्कोत जाऊ. २१ वर्षांचा जॅन वेनर आणि पन्नाशीतले जॅझ-समीक्षक राल्फ ग्लीसन रॉक संगीताचं नियतकालिक काढायच्या खटपटीत होते. भांडवल ७,५०० डॉलर, तेही घरच्यांकडून आणि ओळखीतून उसनं घेतलेलं.

नावही उसनंच. ‘रोलिंग स्टोन’. ९ नोव्हेंबरच्या पहिल्याच अंकात वेनरने नावाची वंशावळ देऊन टाकली: आधी एक जुनी म्हण, तिच्यावरून मडी वॉटर्सचं गाणं, त्या गाण्यावरून इंग्रज बँडचं नाव, शिवाय बॉब डिलनचं गाणं. मडी वॉटर्स हा मिसिसिपीतून शिकागोला आलेला कृष्णवर्णीय ब्लूज गायक. त्याचं ध्वनिमुद्रण १९५० चं. लंडनच्या गोऱ्या पोरांनी बँडला ते नाव दिलं १९६२ साली. वेनरने ऋण निदान छापून मान्य केलं, हे आम्हाला मोलाचं वाटतं. फेडलं का, तो हिशेब वेगळा.

आता म्हणीकडे या. गडगडत्या दगडावर शेवाळ धरत नाही, ही म्हण इरॅस्मसच्या संग्रहातही सापडते. तिचा जुना रोख बोल लावण्याचा: जो एका जागी टिकत नाही, त्याच्या पदरी काही पडत नाही. म्हणजे शेवाळ ही मिळकत. १९६७ च्या तरुणांनी त्याच शेवाळाला साचलेपण ठरवलं आणि गडगडणं हा गुण झाला! शब्द तेच, मूल्य उलटं. डिलनच्या १९६५ च्या गाण्यात तर दोन्ही अर्थ एकमेकांत अडकलेत. बेघर होणं ही तिथे शिक्षा आहे आणि मोकळीकही. तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही शब्दाचा अर्थ आधी बांधून घ्यायला सांगायचो. हे नाव टिकलं ते अर्थ सैल राहिला म्हणून.

अक्षरांची गोष्ट मात्र न्यारी. ती काढली रिक ग्रिफिनने. हा पोस्टरवाला चित्रकार. त्याच्या पोस्टरांवरची अक्षरं अशी वळवळायची की वाचायला थांबावंच लागे. मासिकासाठी त्याने कच्चा आराखडा केला होता, हात फिरवायचा बाकी होता. वेनरने तोच उचलला आणि छपाईला धाडला.

चित्रकाराच्या लेखी अपुरं, संपादकाच्या लेखी पुरं. मग कृती पूर्ण झाली हे ठरवायचं कुणी? करणाऱ्याने, की छापखान्याच्या घड्याळाने? आमचं मत विचाराल तर ग्रिफिनवर अन्याय झाला. अंक वेळेवर निघाला, हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. पुढे जिम पार्किन्सन यांनी ती अक्षरं नव्याने रेखून दिली. जो हात ग्रिफिनला स्वतः फिरवायचा होता, तो फिरवला दुसऱ्याने.