गोठलेला खांदा आणि वेदनेचा इतिहास



केस विंचरायला हात वर जात नाही, सदऱ्याच्या बाहीत तो शिरत नाही, रात्री त्या कुशीवर निजता येत नाही. अशा माणसाचा खांदा आखडला, असे आपण म्हणतो. हे दुखणे घरोघरचे असले, तरी त्याचा इतिहास उद्बोधक आहे.

१८७२ साली पॅरिसचे शल्यवैद्य द्युप्ले यांनी या विकाराचे वर्णन केले. सांध्याभोवतीचे भाग एकमेकांस चिकटतात, तेव्हा रोग्यास भूल देऊन हात बळाने फिरवावा, असे त्यांचे मत. १९३४ साली बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांनी त्याला ‘फ्रोझन शोल्डर’, म्हणजे गोठलेला खांदा, हे नाव दिले. १९४५ साली नेव्हियाझर यांनी सांध्याचे आवरणच जाड होऊन आकसते, असे दाखविले. दृष्टी सांध्यावर खिळलेली होती. जेवढा बिघाड तेवढी वेदना, असाच सर्वसाधारण समज होता.

पुढे तो समजच डळमळला. वेदनेचे संदेश मज्जारज्जूत कमीअधिक होतात, असा सिद्धान्त मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडला. १९८३ साली क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की, इजेनंतर मज्जारज्जूच अधिक संवेदनशील बनतो. गोठलेल्या खांद्याच्या काही रोग्यांत दुखऱ्या जागेपासून दूरही थोड्या दाबाने कळ उठते, असे अलीकडे आढळले आहे. अशांना केवळ सांध्यावरील उपचारांनी कमी उतार पडत असावा, हा तर्क संशोधक आज पारखून पाहत आहेत.

येथे एक दाखला ध्यानात घेण्याजोगा आहे. नेदरलंड्समधील डीर्क्स आणि स्टीव्हन्स यांनी २००४ साली ७७ रोग्यांची दोन वर्षांची पाहणी प्रसिद्ध केली. कळ सोसूनही नेटाने ताण देणाऱ्यांपैकी ६३ टक्के, तर वेदनेच्या मर्यादेत हालचाल करणाऱ्यांपैकी ८९ टक्के लोकांचा खांदा जवळजवळ पूर्ववत झाला. एका पाहणीने निवाडा होत नाही, हे खरे. पण ‘सोसल्यावाचून गुण नाही’ या समजुतीला तिने हादरा दिला.

उपचारानंतर रोग्याचे पुढे काय झाले, हे निदान वर्षभराने पाहावे, असा कॉडमन यांचा आयुष्यभराचा आग्रह होता. तोच येथे उपयोगी पडतो. आज हात किती वर गेला, एवढ्यावर उपचाराची पारख होत नाही. आणि ‘फार दुखते’ म्हणणारा रोगी सोंग करीत नसतो; तो वैद्याला आपल्या दुखण्याची एक महत्त्वाची खूणच सांगत असतो.