काळ्या रानातली ओढ

पैठण-गंगापूरच्या गोदाकाठी जमीन ‘भारी’ आहे असं शेतकरी सांगतो, तेव्हा त्यात कौतुक असतं आणि धास्तीही. पावसात ही काळी चिकणमाती फुगते, फाळाला चिकटून बसते. उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वेरूळचं कैलास लेणं ज्या जातीच्या खडकात कोरलं, त्याच काळ्या बेसॉल्टची झीज होऊन ती बनली. इथल्या नांगराची कुळकथा म्हणजे ताकदीच्या शोधाची कथा आहे.

शब्दाचं कूळ आणखी जुनं. संस्कृत ‘लांगल’ ऋग्वेदात आहे आणि त्यातूनच मराठी ‘नांगर’ आला. काही भाषाशास्त्रज्ञ मात्र त्याचं मूळ मुंडा भाषांच्या कुळात शोधतात. पैठणच्या सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत नांगऱ्या ‘हालिअ’ पुन्हा पुन्हा भेटतो.

भारी रानात लाकडी नांगराला चार, सहा, कुठे आठ बैल लागत. एका दावणीला एवढे कुठून असणार? म्हणून इर्जिक. शेजारीपाजारी आपापली बैलं घेऊन येत, दिवसभरात रान उलथून देत आणि घरधनी सगळ्यांना जेवू घाली. ओढ उसनी मिळवण्याची इतकी सुंदर रीत क्वचितच सापडेल.

लाकडी नांगर माती फोडतो, पण पुरती पलटत नाही; खोल गेलेल्या कुंदा-हराळीच्या मुळ्या तशाच राहतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर घडवला, तो याच अडचणीवर उत्तर होता. पण लोखंडाने जमिनीला विष चढेल, अशी शेतकऱ्यांना भीती. पहिले नांगर विकायला दोन वर्षं गेली. 1910मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि नांगराला कायमचं घर मिळालं.

मग बैलांची जागा इंजिनाने घेतली. मोसंबीच्या ओळींमधून फिरणारे पंधरा-वीस अश्वशक्तीचे छोटे ट्रॅक्टर आपल्याकडे बहुतेक गिअरचेच. परदेशी छोट्या ट्रॅक्टरांत मात्र हायड्रोस्टॅटिक रचना रुळली आहे: इंजिन पंप फिरवतं, दाबाखालचं तेल मोटर फिरवतं आणि मोटर चाकं. इंग्लंडमध्ये 1954मध्ये असा प्रायोगिक ट्रॅक्टर दाखवला गेला. अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टरने 1967मध्ये या रचनेचा ट्रॅक्टर बाजारात आणला. क्लच न दाबता पायाखालच्या पेडलने पुढे-मागे जाता येतं, हे लोडर चालवताना फार सोयीचं.

भारी रानात मात्र या सोयीची किंमत मोजावी लागते. गिअरपेक्षा तेलाच्या वाटेने ताकद जास्त वाया जाते आणि तिची उष्णता होते. नांगर अडला की नवखा चालक पेडल आणखी दाबतो. खरं तर ते थोडं सोडायला हवं. वेग कमी झाला की ओढ वाढते. लो रेंज, एकच अरुंद फाळ, उथळ तास आणि चाकांवर पुरेसं वजन, एवढं जमवलं तरच हा गडी काळ्या मातीत टिकतो. वजन कमी पडलं तर इंजिनात दम असूनही चाकं जागच्या जागी फिरतात. अंगठा रुतेल एवढ्या ओल्या रानात तर त्याला घालूच नये. वाफसा येईपर्यंत थांबावं.