मनसुबा : जिंकून झाल्यानंतरचा डाव

गेल्या ईदला हदगावला गेलो होतो. धाकट्या बहिणीनं शीरखुर्म्याची वाटी हातात दिली आणि लगेच तक्रार सुरू केली. तिचा मुलगा बारावीत आहे. महिनाभर तो लॅपटॉपवर एकच गेम खेळतोय, आणि तोही एकदा संपवून झालेला. "भाई, तुम्हीच समजावा त्याला. माझं ऐकत नाही."

मामूचा अधिकार गाजवायची संधी कोण सोडतं! मी खोलीत गेलो, दोन शब्द सुनावले आणि लॅपटॉप मिटून टाकला. पोरगा उलट बोलला नाही. मान खाली घालून एवढंच म्हणाला, "मामू, जीतना तो हो गया. अब किसी को भी मारे बगैर खतम करना है."

मी बाहेर येऊन बसलो. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण असलं वाक्य मी या गावात पूर्वी ऐकलं होतं, चाळीसेक वर्षांपूर्वी, अब्बांच्या दुकानात.

अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मशीनच्या फळीवर कापडी पट पसरायचा. समोर जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक निवृत्त गुरुजी बसायचे. मोहरे लाकडी होते, हरवलेल्या दोन प्याद्यांच्या जागी कोटाची बटणं असायची. दोघं खेळायचे तो देशी डाव. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. किल्लेकोट नसतो, त्याऐवजी शह बसण्याआधी राजाला एकदा घोड्याची उडी मारता येते. आणि आणखी एक नियम होता. समोरच्याचे सगळे मोहरे मारून त्याचा राजा एकटा पाडला, तर ती बुर्जी. म्हणजे डाव बरोबरीत. जिंकायचं असेल तर शत्रूचं काहीतरी शिल्लक ठेवावं लागायचं.

एकदा अब्बांचा वजीर एका चालीत मात देऊ शकत होता. मला, दहा वर्षांच्या पोरालाही ते दिसत होतं. अब्बांनी ती चाल केली नाही. प्याद्यानं मात द्यायची म्हणून ते थांबले, गुरुजींना सावरायला वेळ मिळाला आणि अब्बा हरले. मला रडू आलं. अब्बा हसत म्हणाले, वजिरानं तर कुणीही जिंकतो.

भाच्याचं म्हणणं याहून वेगळं नव्हतं. रात्री मी त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, "दाखव."

तो खेळत होता तो गेम २०१५ साली आलेला 'अंडरटेल'. वाटेत राक्षस भेटतात. त्यांना मारून पुढं जाता येतं किंवा त्यांच्याशी बोलून, समजूत काढून वाट काढता येते. एकालाही न मारता गेला तर गेमचा शेवट वेगळा होतो. इथे ही सोय बनवणाऱ्यानंच ठेवलेली आहे. पण जगभरचे खेळाडू अशा सोयीची वाट पाहत नाहीत. १९९३ चा 'डूम' हा निव्वळ बंदुकीचा गेम. तोही राक्षसांना इजा न करता, नुसतं चुकवत पार करण्याची स्पर्धा लोकांनी लावली. 'पोकेमॉन'मध्ये एखादा प्राणी बेशुद्ध पडला तर तो मेला असं समजून कायमचा सोडून द्यायचा, असा नियम २०१० च्या सुमारास एका खेळाडूनं स्वतःवर घालून घेतला. आज हजारो लोक तो पाळतात. कुणी डोळ्यांवर पट्टी बांधून नुसत्या आवाजावर खेळतं.

सगळ्यात अजब प्रकार १९९६ च्या 'सुपर मारिओ ६४'चा. त्यात 'ए' बटण दाबलं की मारिओ उडी मारतो, आणि अख्खा गेम उडीवरच उभा आहे. खेळाडूंनी ठरवलं की हे बटण कमीत कमी वेळा दाबायचं. मग त्यांनी बटणाचाच कीस काढला. दाबणं, धरून ठेवणं आणि सोडणं असे त्याचे तीन भाग. बटण आधीपासून धरूनच एखादा टप्पा पार झाला, तर त्या टप्प्यापुरती ती अर्धी दाब मोजतात! याच गेमच्या 'वी' नावाच्या यंत्रावरच्या आवृत्तीत आकडेमोडीची एक बारीक चूक आहे. तिच्यामुळे एके ठिकाणचे काही तरंगते चौथरे कणाकणानं वर सरकत राहतात. एक उडी वाचवायची म्हणून खेळाडू यंत्र जवळपास तीन दिवस चालू ठेवून चौथरा वर येण्याची वाट पाहतात.

बहिणीला हे ऐकून हसू आलं. "रिकामटेकडे," ती म्हणाली. पण असे रिकामटेकडे फार जुने आहेत, आणि त्यांच्या नादाला आपल्या भाषेत एक शब्दही आहे. तो आपण रोज वापरतो, फक्त तो कुठून आला ते विसरलो आहोत. शब्द आहे मनसुबा.

अरबीत न-स-ब या धातूचा अर्थ उभं करणं, मांडणं. त्यावरून 'मनसब' म्हणजे पद झालं, मनसबदार झाला. त्यावरूनच 'मन्सूबा', म्हणजे मांडलेली गोष्ट. बुद्धिबळाच्या पटावर मुद्दाम मांडलेल्या कूट स्थितीला अरब हा शब्द वापरत. एवढे मोहरे, या घरांत, आता डाव संपवून दाखव. भारतातून इराणमार्गे अरबांकडे गेलेल्या चतुरंगाचं शतरंज झालं आणि नवव्या शतकात बगदादच्या अब्बासी दरबारात त्याचे उस्ताद तयार झाले. अल-अदली यानं त्या शतकात शतरंजवर ग्रंथ लिहिला. पुढं अस-सूली (मृत्यू ९४६) यानं मांडलेल्या एका मनसुब्याचं उत्तर हजार वर्षं कुणाला नीट सापडलं नव्हतं. विसाव्या शतकात युरी अवेरबाख या रशियन ग्रँडमास्टरनं ते सोडवलं.

मनसुब्यांत सर्वांत लाडका दिलारामचा. ही दंतकथा आहे. एक शौकीन खेळाडू हरत हरत शेवटी आपली लाडकी बेगम दिलाराम पणाला लावतो. डाव हरल्यात जमा असतो. पडद्याआडून पट पाहणारी दिलाराम त्याला सुचवते की दोन्ही रुख देऊन टाक, पण मला वाचव. रुख म्हणजे आपला हत्ती, त्या काळच्या पटावरचा सर्वांत बलवान मोहरा. तो दोन्ही हत्ती एकामागून एक बळी देतो. मग एक क्षुल्लक प्यादं पुढं सरकतं आणि घोडा मात देतो. कथा खोटी असेल, पण मनसुबा खरा आहे. पटावर मांडून पाहा, सुटतो.

डोळ्यांवर पट्टी बांधून खेळणाऱ्यांचेही पूर्वज आहेत. सईद बिन जुबैर हे ताबिईन पिढीतले मोठे विद्वान. इसवी सन ७१४ च्या सुमारास हज्जाजनं त्यांना ठार केलं. ते पटाकडे पाठ करून शतरंज खेळत, अशी नोंद इमाम शाफईंच्या हवाल्यानं येते. शतरंज जायज की नाजायज यावर फुकहांमध्ये मोठे मतभेद आहेत. शाफई मतानुसार जुगार नसेल आणि नमाज चुकत नसेल तर तो मकरूह, हराम नव्हे. हनफी भूमिका अधिक कडक. अब्बांनाही मोहल्ल्यातले एक बुजुर्ग टोकायचे. अब्बा वाद घालत नसत. असरची अजान झाली की चालू डाव तसाच ठेवून उठायचे. गुरुजी पटाची राखण करायचे. परत आल्यावर एकही मोहरा हललेला नसायचा.

ही परंपरा एकट्या अरबांची नाही. बुद्धिबळाचं सर्वांत एकाकी कोडं म्हणजे घोड्याची फेरी. पटावर फक्त एक घोडा, समोर कुणी नाही. त्यानं चौसष्टही घरांत प्रत्येकी एकदाच पाय ठेवायचा. नवव्या शतकात काश्मीरच्या रुद्रटानं 'काव्यालंकारा'त घोड्याच्या चालीवर श्लोक बांधला. अल-अदलीच्या नावावरही अशी फेरी आहे. सतराव्या शतकात बनारसच्या नीलकंठ भट्टांनी 'भगवंतभास्कर' या धर्मशास्त्राच्या ग्रंथात, नीतिमयूखात, बुद्धिबळाला जागा दिली आणि त्यात घोड्याची फेरी सांगितली. हे भट्ट घराणं मूळचं पैठणचं, म्हणजे आपल्या मराठवाड्यातलं. त्यांचे पणजोबा रामेश्वर भट्ट पैठणहून काशीला गेले. धर्मशास्त्र लिहिणाऱ्या पंडितालाही हा नाद वर्ज्य वाटला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पेशवाई संपायला चार वर्षं राहिली असताना, १८१४ साली, मुंबईत बुद्धिबळावर एक इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी ते मूळ संस्कृतातून उतरवलं होतं. पुस्तक मुख्यतः कूट डावांचं आहे. अशा देशी कोड्यांमध्ये नुसती मात देऊन भागत नाही. अट असते आणि बहुतेकदा ती प्याद्याची असते. वजीर हाताशी असताना प्याद्यानंच मात द्या. प्यादेमात हा शब्द मराठीत सन्मानानं राहिला तो याच आवडीमुळे. अब्बांनी हे पुस्तक पाहिलेलं नव्हतं. पण हदगावच्या बाजारात, कोटाच्या बटणांनी, ते त्याच अटीवर खेळत होते.

बगदादचा उस्ताद, पैठणच्या घराण्यातला पंडित, मुंबईत पुस्तक छापणारा शास्त्री, हदगावचा शिंपी आणि उडी न मारता मारिओला पार नेणारा आजचा पोरगा यांना एका धाग्यात ओवणारी गोष्ट एकच आहे. विजयाचा नियम खेळ ठरवतो, तो सगळ्यांना सारखाच. त्यावर आपण स्वतःहून घातलेली अट मात्र आपली असते. काय करता येत असतानाही मी करणार नाही, हे माणूस तिथं सांगतो. खेळाडू कसा आहे ते त्याच्या जिंकण्यावरून कळत नाही, त्या अटीवरून कळतं.

आज मनसुबा हा शब्द कुठे भेटतो? बातम्यांत. तिथं मनसुबे नेहमी 'नापाक' असतात आणि ते 'उधळले' जातात. कुणाचे, हे वाचकानं आपल्या मनानं भरायचं असतं, आणि बऱ्याचदा तो आमच्यासारख्यांची नावं भरतो. म्हणून हा शब्द मुळात कुठून आला ते सांगावंसं वाटलं. तो कारस्थानाचा शब्द नव्हता. दोन माणसांनी समोरासमोर बसून, सगळे मोहरे उघड्यावर ठेवून घातलेलं ते कोडं होतं. शह, मात, काटशह, वजीर, प्यादं हे शब्द मराठी घरांत कुणाच्या परवानगीशिवाय नांदतात, तसाच तोही.

बहिणीची काळजी मात्र खोटी नाही. बोर्डाची परीक्षा कुणाच्या नादासाठी थांबत नाही. अब्बांनाही शतरंजच्या नादात गिऱ्हाइकाचे कपडे वेळेवर देता न आल्याचं मी पाहिलं आहे, आणि अम्मीनं त्यावरून धरलेला अबोलाही. म्हणून भाच्याशी तह केला. अभ्यासाचे तास आधी, गेम नंतर, आणि लॅपटॉप पुन्हा मी मिटणार नाही.

निघायच्या आदल्या दिवशी कपाटातून अब्बांचा पट काढला. त्याला देशी डावाचे नियम सांगितले. बुर्जीचा नियम ऐकून तो थबकला. "म्हणजे सगळ्यांना मारलं तर जिंकताच येत नाही?"

"नाही."

"नानांनी हा गेम खेळला असता," तो म्हणाला आणि बटणाचं प्यादं एक घर पुढं सरकवलं.